कागद, कात्री आणि धावदोरा

श्रोतेहो, सरकारी अधिकारी आणि कागद यांचे नाते जगजाहीर आहे, आणि त्या नात्याविषयी लोक फारसे बरे बोलत नाहीत. कागद पुढे सरकत नाही, कागद सापडत नाही, आणि सापडला तर त्यावर सही नसते, या तक्रारी मी गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे. आज मी कागदाविषयीच बोलणार आहे. मात्र हा कागद फाईलमधला नव्हे. रविवारी सकाळी, चहाची कपबशी बाजूला सारून, जेवणाच्या टेबलावर मी जो कागद कापतो, दुमडतो आणि चिकटवतो, त्या कागदाविषयी चार शब्द सांगायचे आहेत. त्यातून ओघानेच मी कापडाकडे आणि सुईदोऱ्याकडे वळेन, कारण माझ्या बाबतीत तसेच घडले.

मी राहतो कलकत्त्याच्या पश्चिम टोकाला, हुगळीच्या काठी, गार्डन रीच नावाच्या भागात. नावातली उद्याने आता बहुतेक संपली. उरली आहे ती दक्षिण-पूर्व रेल्वेच्या मुख्यालयाच्या आवारातली थोडी झाडी, आणि नदीपलीकडे शिवपूरचे वनस्पती उद्यान. बाकी सारे गोदी, जहाजांचा कारखाना आणि दाट वस्ती. या रेल्वेचा पूर्वज म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे. तिची स्थापना १८८७ सालची. त्याच साली, त्याच परिसरात, अवधचे पदच्युत नबाब वाजिद अली शाह यांचे निधन झाले. इंग्रजांनी १८५६ मध्ये त्यांचे राज्य खालसा केले, तेव्हा ते कलकत्त्याला आले आणि इथल्या मटियाबुर्जमध्ये त्यांनी आपले छोटेसे लखनौ वसवले. त्यांच्यामागून गवई आले, आचारी आले, शिंपी आले आणि पतंग करणारेही आले. नबाब गेले, वाडे गेले. पण शिंपी राहिले आणि पतंगही राहिले. आज मटियाबुर्ज हा तयार कपड्यांचा केवढा मोठा बाजार आहे, हे कलकत्तेकरांना सांगावे लागत नाही. राजाचे वैभव टिकले नाही, कारागिराची सुई टिकली, हा विचार कचेरीच्या वाटेवर माझ्या मनात अनेकदा येतो.

माझा छंद सुरू झाला तो एका आकाशकंदिलापासून. इथे बदलून आलो त्या पहिल्या दिवाळीत मुलीने हट्ट धरला की आपल्याकडे असतो तसा कंदील हवा. बंगाल्यात त्या रात्री कालीपूजा असते. दिव्यांची रोषणाई भरपूर, पण आपला झिरमिळ्यांचा कंदील बाजारात मिळेना. शेवटी मटियाबुर्जच्या एका पतंगवाल्याकडून बांबूच्या कामट्या आणि रंगीत पतंगी कागद आणला. विश्वकर्मा पूजेला इथले आकाश पतंगांनी भरून जाते. त्या हंगामातला उरलेला माल त्याने आनंदाने दिला. घरी मैद्याची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घातला, आणि लहानपणी गल्लीत पाहिलेले आठवून आठवून कंदील उभा केला. तो एका बाजूला कलला होता. तरीही तो पेटला तेव्हा समोरच्या इमारतीतील माणसे गॅलरीत येऊन उभी राहिली. मुलीला आनंद झाला तो कंदिलाचा. मला झाला तो आपल्या हाताला अजून काहीतरी येते या शोधाचा.

पुढच्या वर्षी मी शुभेच्छापत्रे करायला घेतली. या बाबतीत एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाताळच्या छापील शुभेच्छापत्राची कल्पना एका सरकारी नोकराच्याच डोक्यातून निघाली. हेन्री कोल हे लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात अधिकारी होते. नाताळात इष्टमित्रांना हाताने पत्रे लिहिण्याचा रिवाज होता, आणि कोल यांना वेळ नव्हता. म्हणून १८४३ मध्ये त्यांनी जॉन होर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापल्या. स्वतःला पुरून उरलेली पत्रे एक शिलिंगला एक याप्रमाणे विकायला ठेवली. तेव्हापासून जगभरच्या कामात बुडालेल्या माणसांची सोय झाली. कोल यांनी वाचवलेला तो वेळ मी आता परत खर्च करीत आहे, असे म्हणायला हरकत नाही. एका पत्राला मला दीड तास लागतो. दिवाळीला बारा पत्रे करतो, अधिक नाही. पण त्या दीड तासात ते पत्र ज्याला जायचे त्याचा विचार मनात असतो. साताऱ्याच्या मावशीला जाणाऱ्या पत्रावर मी जास्वंद कापून लावतो, तेव्हा तिच्या अंगणातली जास्वंद आठवते; तिने दिलेला मारही आठवतो. छापील पत्रावर सही करताना एवढा वेळ मिळत नाही.

कागदाशी संगत वाढली तसे त्याचे स्वभावही कळू लागले. वर्तमानपत्राचा कागद वरून खाली फाडून पाहा. तो सरळ फाटतो. आडवा फाडा, तो वेडावाकडा जातो. याचे कारण यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला ओढले जातात. त्या दिशेने घडी घातली तर ती स्वच्छ बसते. आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो. हातकागदात मात्र चाळणीवर लगदा हलवून पसरतात, तंतू चहूकडे विखुरतात, म्हणून तो सर्व बाजूंनी सारखा चिवट. पुण्याच्या हातकागद संस्थेचा असा कागद मी सुट्टीत जाताना मुद्दाम आणतो. ही संस्था १९४० साली स्थापन झाली, तेव्हा गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेचे वारे तिच्या पाठीशी होते. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून कागद होतो, हे ठाऊक असले तरी तो कागद हाती घेतल्यावर खरे वाटते. कागद आणि कापड ही वस्तुतः सख्खी भावंडे आहेत.

घडीकामात माझे दैवत मद्रास इलाख्यातले. टी. सुंदर राव हे तिकडचे डेप्युटी कलेक्टर. म्हणजे पुन्हा एक सरकारी नोकर. बालवाडीत मुले रंगीत कागदाच्या घड्या घालतात, त्या पाहून त्यांना सुचले की याच घड्यांनी भूमिती शिकवता येईल. १८९३ मध्ये त्यांचे कागदाच्या घड्यांतील भूमितीवरचे इंग्रजी पुस्तक मद्रासला प्रसिद्ध झाले. कंपास नको, मोजपट्टी नको. चौकोनी कागद घ्या आणि घडी घालून समभुज त्रिकोण, पंचकोन, षटकोन सिद्ध करा. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याची वाखाणणी केली आणि ते पुस्तक पुढे अमेरिकेत निघाले. दौऱ्यावरून परतल्यावर, कंदिलाच्या उजेडात कागद दुमडीत बसलेला हा डेप्युटी कलेक्टर मी अनेकदा डोळ्यांपुढे आणतो. शाळेत मला भूमितीची धास्ती होती. चाळिशी ओलांडल्यावर मुलीबरोबर पंचकोन दुमडला, तो पहिल्याच खेपेला जुळला, आणि त्या जुन्या भीतीचा थोडा सूड उगवल्यासारखे वाटले.

इथपर्यंत सारे गमतीचे होते. कापडाकडे मी वळलो तो गमतीने नव्हे.

वडील वारल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. येताना तिने एक ट्रंक आणली. तीत जुनी नऊवारी लुगडी. आई साताऱ्याकडची. दरवर्षी उन्हाळ्यात वाकळा शिवायच्या, हा तिचा पिढीजात शिरस्ता. इथे आल्यावर तिला भाषा येईना, बाजार कळेना, मासळीचा वास सोसेना. ती दिवसभर खिडकीशी बसे. आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध बंगाली बाई राहतात; आम्ही त्यांना मासिमा म्हणतो. एका दुपारी त्या वर आल्या तेव्हा आई लुगडी अंथरून थर लावीत होती. मासिमा काही न बोलता खाली गेल्या आणि एक जुने, मऊ, पिवळट पडलेले कापड घेऊन आल्या. ते उलगडताच आई म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली वाकळच!" मासिमा म्हणाल्या, "काँथा." दोघींना एकमेकींचा शब्द कळला, आणि पुढची तीन वर्षे त्यांनी तेवढ्यावर निभावले.

काँथा आणि वाकळ यांत अंतर आहे, पण ते दोन बहिणींतले अंतर. दोन्हींचे मूळ जुनेर कापडात. दोन्हींचा टाका एकच, साधा धावदोरा. संस्कृतातली कंथा हीच. जोगी-गोसाव्यांच्या खांद्यावरची कंथा आपल्या भाषेलाही अपरिचित नाही. बंगाली स्त्रिया धुवून मऊ झालेल्या साड्या-धोतरांचे थर एकमेकांवर घालतात, साडीच्या काठातून रंगीत दोरे उसवून काढतात आणि त्यांनीच मधोमध कमळ, कोपऱ्यांत झाडे, भोवती हत्ती, पालख्या, पक्षी भरतात. थंडीत पांघरायचा तो लेप, आरशाभोवती गुंडाळायची ती आरशीलता. वस्तूपरत्वे नावे निराळी. आपली वाकळ चित्रांच्या भानगडीत फारशी पडत नाही. ती रंगीत ठिगळांची रांग लावते आणि कडेपासून आत आत शिवीत जाते. तिचे सौंदर्य उबेत आहे.

या कलेचे मोल ज्याने ओळखले तोही, श्रोतेहो, सरकारी नोकरच. गुरुसदय दत्त, जन्म १८८२, मृत्यू १९४१, आय.सी.एस. मधील वरिष्ठ अधिकारी. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरताना त्यांनी काँथा, पट, मातीच्या बाहुल्या, संदेशाचे साचे अशा वस्तू जमवल्या. त्या काळी शिकलेल्या माणसांच्या लेखी या वस्तूंना किंमत नव्हती. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, डायमंड हार्बर रस्त्यावर, जोका येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय १९६३ मध्ये सुरू झाले. तिथल्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या एका स्त्रीने आपल्या वडिलांसाठी शिवलेला एकोणिसाव्या शतकातला काँथा आहे. त्यावर तिने टाक्यांनीच आपले नाव आणि वडिलांना अर्पण करीत असल्याचे शब्द लिहिले आहेत. ज्या काळी गरत्या घरच्या बाईचे नाव दारावर लागत नसे, त्या काळी तिने ते कापडावर शिवून ठेवले.

आई आल्यानंतर तिसऱ्या वर्षी तिला काचबिंदू असल्याचे निदान झाले. गेलेली दृष्टी परत येत नाही, राहिलेली जपायची, असे डॉक्टरांनी समजावले. हळूहळू तिला सुईत दोरा ओवता येईना. मग टाका दिसेना. एक अर्धी वाकळ ट्रंकेवर घडी घालून पडून राहिली. आई पुन्हा खिडकीशी बसू लागली. तिला जेवण हवे, औषध हवे, हे आम्ही जाणत होतो. तिच्याविना कोणाचे तरी काही अडले पाहिजे, हे आम्हाला सुचले नव्हते.

एका रविवारी ती वाकळ मी पुढ्यात घेतली आणि म्हणालो, "आई, मला दाखव." ती म्हणाली, "तुझ्यानं व्हायचं नाही ते." हे खरे होते. मी सुई धरली आणि दहा टाके घातले. तिने त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "उसव." त्या दिवशी मी चार वेळा उसवले. डोळ्यांना जे दिसत नव्हते ते तिच्या बोटांना दिसत होते; टाका लांब पडला, रेघ सुटली, दोरा आवळला, हे ती नुसत्या स्पर्शाने सांगे. कचेरीत माझ्या मसुद्यात चूक काढताना माणसे चाचरतात. आई चाचरत नव्हती. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा चढला होता, आणि स्वयंपाकघरातून माझी पत्नी तो ऐकून हसत होती.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी सत्तरी उलटल्यावर रंगीत कागद कापून फुलांची चित्रे करायला घेतली. दहा वर्षांत जवळजवळ एक हजार चित्रे झाली. दृष्टी अधू झाली तेव्हाच त्या थांबल्या. ती चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्यापुढे आमच्या वाकळेची काय कथा! पण आई थांबली नाही, एवढे मी म्हणेन. तिने फक्त आपले डोळे बदलले, माझे घेतले.

आता या आनंदातला एक खडा सांगितला पाहिजे. ठिगळांसाठी कातरण मी मटियाबुर्जच्या एका ओस्तागराकडून आणतो. ओस्तागर म्हणजे शिंप्यांचा मुकादम-मालक; त्याच्या हाताखाली यंत्रे चालतात, शिवाय काही काम घरोघर बायकांकडे जाते. मी स्वतः शिवलेली पहिली छोटी गोधडी त्याला कौतुकाने दाखवायला नेली. तीन फूट रुंद, चार फूट लांब. अर्ध्या इंचावर एक ओळ, इंचाला चार टाके. हिशेबी माणूस असल्यामुळे मी गणितही केले होते: एकंदर सुमारे १४ हजार टाके, आणि तासाला ४०० टाके या माझ्या गतीने ३५ तास. ते आकडे मी त्याला अभिमानाने सांगितले. त्याने गोधडी उलटी केली. शिंपी आधी मागची बाजू पाहतो. मग म्हणाला, "छान आहे, साहेब. पण पस्तीस तासांची मजुरी धरली तर ही कोण विकत घेईल? आमच्या बायकांना नगाप्रमाणे पैसे मिळतात. तुम्हाला बोट दुखलं की सुई ठेवता येते."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते मला लागले. एकाच वस्तीत, एकाच सुईने, मी मन रिझवीत होतो आणि शेजारची बाई पोट भरीत होती. मग माझा छंद हा चैनीचा प्रकार ठरतो काय? मी यावर पुष्कळ विचार केला. छंद सोडल्याने त्या बाईला एक पैसाही अधिक मिळणार नव्हता. मात्र छंदामुळे मला एक गोष्ट कळली होती जी आधी कळत नव्हती: १४ हजार टाके म्हणजे काय, हे आता माझ्या बोटाला ठाऊक होते. तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. पहिला, हाताने केलेल्या वस्तूची घासाघीस करायची नाही. दुसरा, छंदाने केलेली वस्तू स्वस्तात विकायची नाही. एक तर ती द्यावी, नाही तर ठेवावी. एका आनंदमेळ्यात माझी शुभेच्छापत्रे दहा-दहा रुपयांना मांडण्याची सूचना आली होती. मी नम्रपणे नाही म्हटले. हौशी माणूस आपले तास मोजीत नाही. त्याने तशी वस्तू बाजारात मांडली की जो तास मोजून जगतो त्याचा भाव पडतो.

त्याच ओस्तागराला गेल्या हिवाळ्यात नातू झाला. त्याच्याच कातरणीची एक गोधडी आम्ही शिवली आणि मी ती घेऊन गेलो. सवयीप्रमाणे त्याने ती उलटी केली. एका कोपऱ्यावर त्याचे बोट थांबले. "हा कोपरा तुमच्या हातचा नाही," तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. शेवटचा कोपरा आईने हट्टाने स्वतः घातला होता, बोटाने चाचपत, एका संध्याकाळभर बसून. टाके माझ्यापेक्षा बारीक होते आणि रेघ जराशी वाकडी होती. त्याने आईची चौकशी केली, आणि त्या दिवशी कातरणीचे पैसे घेतले नाहीत.

श्रोतेहो, छंदाचे फायदे सांगणारी भाषणे तुम्ही बरीच ऐकली असतील. मन ताजे राहते, एकाग्रता वाढते वगैरे. ते खरे असेल. माझा अनुभव याहून साधा आहे. दिवसभर मी ज्या कागदांवर सही करतो त्यांचे पुढे काय होते, ते मला क्वचितच दिसते. रविवारी जो कागद कापतो तो संध्याकाळपर्यंत फूल होतो किंवा वाया जातो. दोन्हींची जबाबदारी माझी, आणि दोन्ही माझ्या डोळ्यांपुढे. या छंदाला खर्च नाही. जुन्या लग्नपत्रिका, संपलेली दिनदर्शिका, फाटके लुगडे, एक कात्री आणि एक सुई एवढे साहित्य प्रत्येक घरात असते. बहुतेक घरांत ते वापरायला शिकवणारे एखादे वडीलधारे माणूसही असते, आणि ते खिडकीशी बसलेले असते. त्याच्यापुढे कापड ठेवून "मला दाखवा" एवढे म्हणावे. पहिल्या दिवशी चार वेळा उसवावे लागेल, याची मात्र तयारी ठेवावी.